निनावी अर्जातला रोमन मास्तर

मंडळी, नमस्कार.

मला बोलायला उभं केलं खरं, पण बोलणं निभेल का ते माहीत नाही. सरांच्या फोटोकडे पाहायचंच नाही असं ठरवून आली होती, तर फोटो नेमका माइकच्या बाजूला ठेवला आहे. कोणी मुद्दाम ठेवला असेल, असाही डाउट मला येऊन राहिला. हसा, हसा. मी तशीच आहे, गावाला माहीत आहे.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते. मी कुंदा. या गावच्या अंगणवाडीची सेविका. आपले लांजेवार सर गेले त्याला आज तेरा दिवस झाले. सर तीस वर्षं मास्तर तयार करणाऱ्या कॉलेजात शिकवत होते. 'शिक्षणाचं तत्त्वज्ञान' हा त्यांचा विषय. रिटायर झाले, सौंदडच्या स्टेशनावर सामान उतरवलं आणि इथं आपल्या घरी येऊन राहिले. शेवटची तीन वर्षं रोज सकाळी दहा वाजता ते माझ्या अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसत.

आजच्या यादीत माझं नाव नव्हतं. काल काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, निरोप पाठवला की कुंदा बोलेल. मी घरी गेली, विचारलं, "काऊन जी काकू? मीच काऊन?" काकू म्हणाल्या, "तुले माहीत आहे काऊन." तेव्हा मला समजलं, काकूंना सगळं माहीत आहे.

माझ्या आधी तिघं बोलले. प्राचार्य साहेब बोलले, सरपंच भाऊ बोलले, सरांचे एक विद्यार्थी बोलले. तिघंही म्हणाले, सरांचं लहान लेकरांवर फार प्रेम होतं. मंडळी, रागावू नका, पण हे खोटं आहे. सर लेकरांना घाबरत. पहिल्या दिवशी एका पोट्टीनं त्यांच्या पांढऱ्या पायजम्याला नाक पुसलं, तर सर असे उभे राहिले, जसा पायाजवळून साप गेला. तीस वर्षं बालशिक्षण शिकवलं, पण खरं तीन वर्षांचं लेकरू जवळून पाहिलं नव्हतं. हे मी म्हणत नाही, सर स्वतः म्हणत.

आता जे झालं ते सांगते. सगळं सांगते. काकू, तुम्ही हो म्हटलं आहे, म्हणून सांगते.

तीन वर्षं होत आली. माघाचे दिवस होते. आमच्या पर्यवेक्षिका बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, पिशवीतून एक कागद काढला. म्हणाल्या, "कुंदाताई, तुमच्या नावानं अर्ज आला आहे." खाली सही नाही. नाव नाही. नुसतं 'समस्त पालक'. बाईंनी वाचून दाखवला. सेविका मुलांशी गावंढळ बोलीत बोलते. 'काऊन' म्हणते, 'कायले' म्हणते, 'करून राहिली' म्हणते. मुलांच्या कोवळ्या जिभेवर चुकीचे संस्कार होत आहेत. आणि मग एक वाक्य होतं. प्राचीन रोममधल्या एका थोर शिक्षकानंही सांगून ठेवलं आहे की बालकाला सांभाळणाऱ्या दाईची वाणी शुद्ध असावी.

बाई थांबल्या. मला विचारलं, "हे रोम काय आहे?" मी म्हटलं, "मले काय मालूम?" दोघीही त्या कागदाकडे पाहत राहिलो. अगं माय! माझ्या बोलण्याची तक्रार थेट रोमहून आली!

तेव्हा हसली मी. बाई गेल्यावर मात्र हसू आलं नाही. कागदावर शेवटी लिहिलं होतं, सुधारणा झाली नाही तर सेविका बदलावी. अठरा वर्षं झाली होती मला या कामात. या सभेत पुढं बसलेली अर्धी तरुण पोरं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. आणि त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी घरातून हा कागद गेला. कोणाच्या? विहिरीवर गेली की पाहायची, कोण नजर चुकवते. दुकानात गेली की ऐकायची, कोण माझ्या बोलण्यावर थांबते. ज्या बाया रोज लेकरं आणून सोडत, त्यांच्या तोंडाकडे मी चोरासारखी पाहायची. असं गाव मला नको होतं, पण तेच गाव मला दिसू लागलं.

आणि मी भाषा बदलली. दुसऱ्या दिवसापासून. "बाळांनो, तुम्ही काय करत आहात? तुम्ही का रडत आहात? इकडे या पाहू." टीव्हीवरच्या बाया बोलतात तशी. पहिल्या दिवशी लेकरं नुसती पाहत राहिली. मोनी नावाची एक पोरगी होती, मोठी बोलकी, सकाळी आली की रात्रीच्या भाजीपासून गाईच्या शेणापर्यंत सगळी बातमी द्यायची. ती मला म्हणे, "मॅडम, तुमच्या घरी पाहुणे आले का?"

तिच्या घरी पाहुणे आले की तिची माय अशीच बोलत असेल. आणि पाहुण्यांसमोर लेकरांनी काय करायचं असते? गप्प बसायचं असते. तर लेकरं गप्प बसली. एक-एक करून गप्प बसली. बाई तपासणीला आल्या, म्हणाल्या, "वा, फार शिस्त आली!"

त्याच महिन्यात सर पायरीवर येऊन बसू लागले.

आता तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? शिकलेला माणूस. कॉलेजातला. नातवंडं नागपूरला. घरी काही काम नाही असं नाही, धानाची शेती आहे. मग रोज दहा वाजता माझ्या दारात कायले? पेपर हातात घेऊन बसत आणि वाचत नसत. पेपराच्या वरून आत पाहत. मी मदतनीस बाईला म्हटलं, "हा माणूस लिहून घेऊन राहिला." ती म्हणे, "पेन तर दिसत नाही." मी म्हटलं, "डोक्यात लिहीत असेल."

शेवटी एक दिवस विचारलंच. "सर, कायले येता जी रोज?"

सर म्हणाले, "बघायला."

"काय बघायला?"

"मी जे तीस वर्षं शिकवलं, ते खरं आहे का ते बघायला."

आणि मग सुरू झालं. मंडळी, प्राचार्य साहेब बसले आहेत, त्यांच्यासमोर मी तत्त्वज्ञान सांगणं म्हणजे मोठी हिंमत आहे. पण जसं सरांनी पायरीवर सांगितलं तसं सांगते. मी डाळ निवडायची आणि ते बोलायचे. वर्ग मी एकटी. परीक्षा नाही.

सर म्हणत, लहान लेकरांच्या बाबतीत जगात दोन पार्ट्या आहेत. एक जुनी पार्टी. ग्रीस देशातली, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची. ते म्हणत, लेकरू कोवळं आहे तोवरच त्याला वळण लावा. अक्कल नंतर येते, सवय आधी लागते. म्हणून गाणी निवडून द्या, खेळ ठरवून द्या, खेळाचे नियमही बदलू देऊ नका, कारण आज खेळ बदलणारं पोर उद्या कायदा बदलेल. आणि आया, दाया पोरांना ज्या गोष्टी सांगतात त्या आधी तपासा. चांगल्या ठेवा, बाकीच्या बंद करा.

दुसरी पार्टी नवी. अडीच-तीनशे वर्षांपूर्वीची, युरोपातली. त्या काळाला सर 'ज्ञानोदय' म्हणत. मी त्यांना उजेडवाले म्हणायची, सरांना तो शब्द आवडला होता. उजेडवाल्यांत एक इंग्रज. तो म्हणे, लेकराचं मन कोरं असते, त्यावर जे अनुभव येतात तेच उमटते. दुसरा फ्रेंच बोलणारा. तो म्हणे, पोराला मोकळं सोडा. पुस्तक देऊ नका, उपदेश करू नका. त्याची चूक झाली तर चटका त्यालाच बसू द्या. लहानपण म्हणजे मोठं होण्याची तयारी नाही, ते त्याचं स्वतःचं आयुष्य आहे.

मी म्हटलं, "फरक काय मग, एका वाक्यात सांगा." सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "जुने विचारतात, हे पोर उद्या गावाच्या कोणत्या कामाचं? उजेडवाले विचारतात, हे पोर आज कोण आहे?"

मंडळी, मला हे फार आवडलं. खोटं कायले बोलू? घरी जाऊन दिवसभर तेच डोक्यात होतं. पण मी शंकेखोर बाई. दुसऱ्या दिवशी विचारलं, "सर, ते ग्रीसवाले इतकं बोलत होते, तर त्यांची लेकरं कोण धूत होतं?"

सर म्हणाले, "दाया असत. गुलाम बाया."

"आणि तो मोकळं सोडा म्हणणारा? त्याची लेकरं?"

सरांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "त्यानं आपली लेकरं अनाथालयात दिली. सगळी."

बाप्पा! माझ्या हातातलं सूप खालीच ठेवलं गेलं. म्हटलं, "हे तुम्ही पोरापोरींना शिकवत होते? परीक्षेला विचारत होते?" सर म्हणाले, "विचार मोठे होते कुंदा." मी म्हटलं, "असतील. पण अशा माणसाच्या हातात मी माझी मांजर नाही देणार."

सरांनी आपल्याकडची उपमा दिली. म्हणाले, जुन्यांचं म्हणजे रोवणा, धानाची लावणी. पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटा, ओळीनं लावा. उजेडवाल्यांचं म्हणजे आवत्या. बी फेका आणि उगवू द्या. मी म्हटलं, "सर, रोवणा असो का आवत्या असो, तण निंदायला बाईच वाकते ना?" खूप हसले सर. पण मी हसून नव्हती राहिली. कारण त्या दोन्ही पार्ट्यांचं ऐकता ऐकता मला एक गोष्ट दिसू लागली होती. ग्रीसवाले म्हणतात, आया-दायांच्या गोष्टी तपासा. तो इंग्रज म्हणतो, नोकराणींना भुताखेताच्या गोष्टी सांगू देऊ नका. तो दुसरा म्हणतो, दायांना लेकरू बांधून ठेवायचं तेवढं समजते. दोन हजार वर्षं एकमेकांशी भांडले, पण एका गोष्टीत दोघांचं एकमत. लेकरू ज्या बाईच्या कडेवर आहे, तिच्यावर भरवसा नाही. म्हणजे माझ्या विरोधातली तक्रार दोन हजार वर्षांपासून चालू आहे!

हे मी सरांना म्हटलं. सर उत्साहात आले. कॉलेजात असल्यासारखे बोलू लागले. म्हणाले, "अगदी बरोबर! त्या रोमन शिक्षकानं तर स्पष्ट सांगितलं आहे, दाईची वाणी..."

आणि थांबले.

मी पण थांबली. डाळीत हात तसाच. दोन-तीन लेकरं आत झोपली होती. सर माझ्याकडे पाहत नव्हते. बाहेर रस्त्याकडे पाहत होते.

मंडळी, अख्ख्या सडक अर्जुनी तालुक्यात निनावी अर्ज लिहिणारे किती लोक असतील ते मला माहीत नाही. पण निनावी अर्जात संदर्भ देणारा माणूस एकच. नाव लपवलं, सही लपवली, अक्षर टाइप करून लपवलं. पण तीस वर्षांची सवय. कोणाचं वाक्य घेतलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. संदर्भ दिला नाही म्हणून विद्यार्थ्यांचे मार्कही कापत असतील.

सर म्हणाले, "ऊन वाढलं," आणि उठून गेले.

मला वाटलं, आता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दहा वाजता पायरीवर.

काऊन आले? मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं का? की त्यांना वाटलं, ही अडाणी बाई, हिला काय समजते? मी रात्रंदिवस हाच विचार करायची. त्यांनी लेकरांसाठी पेरू आणले, मला डाउट. त्यांनी चित्रांचे कार्ड बनवले, मला डाउट. म्हटलं, हा माणूस आता दुसऱ्या अर्जाची तयारी करून राहिला. आणि मी ठरवलं, विचारायचं नाही. चहा द्यायचा, खुर्ची द्यायची, आणि शुद्ध बोलायचं. इतकं शुद्ध बोलायचं की त्यांच्या कानात टोचलं पाहिजे. "सर, आपण आलात का? बसावे. मुलांनो, सरांना नमस्कार करा बरे." त्यांनाच शुद्ध पाहिजे होतं ना? घ्या.

मग रोवण्याचे दिवस आले. आपल्याकडे रोवण्यात अंगणवाडी अर्धी रिकामी होते, सगळ्या बाया धानाच्या बांधीत, लेकरं शेताच्या धुऱ्यावर. एक दिवस सर शेतावर गेले होते. परत आले तर चेहरा वेगळा. म्हणाले, "कुंदा, ती मोनी तुझ्याकडे एक शब्द बोलत नाही ना?" मी म्हटलं, "नाही बोलत." सर म्हणाले, "आता तीन बांध्या पलीकडून आईला हाका मारत होती. पाणी आणून राहिली मी माय, साप आहे तिकून नको येऊ, काकीले सांग, बाबा सौंदडले गेला. एक-एक शब्द मला इकडे ऐकू आला. असा खणखणीत." मग हळूच म्हणाले, "तो फ्रेंच बोलणारा हेच लिहून गेला. शेतातली पोरं स्पष्ट बोलतात, कारण त्यांना लांबून आईला हाक मारावी लागते. मी हे कधी शिकवलं नाही. परीक्षेला येत नव्हतं."

थोड्या वेळानं म्हणाले, "तू पहिल्यासारखी बोल ना लेकरांशी."

मी म्हटलं, "कायले? कोणी तक्रार केली तर?"

सरांनी मान खाली घातली. तेव्हा सांगू शकत होते. नाही सांगितलं. आणि मी? मी तरी काय केलं? मला दिसत होतं मोनी मुकी होऊन राहिली. मला दिसत होतं, लेकरं बाहेर बोलतात आणि माझ्या दारात आली की तोंड मिटतात. एका दिवसात सुधारता आलं असतं. पण मला सरांना सुखासुखी सोडायचं नव्हतं. मी त्यांच्यावरचा राग काढत राहिली आणि भोगलं लेकरांनी. पुढच्या वर्षी मोनी पहिलीत गेली. शाळेच्या मॅडम मला भेटल्या, म्हणाल्या, "ही पोरगी बोलत नाही, काही दोष आहे का?" मी म्हटलं, "नाही जी, लाजते." दोष होता. तो मी होती. आज हे सगळ्यांसमोर सांगून राहिली, कारण सरांचं सांगायचं आणि माझं लपवायचं, असं नाही चालत. मोनीची माय इथं बसली आहे. माझ्याकडून चूक झाली बाई.

आता शेवटचं.

यंदाचं धान कापून झालं. सरांची तब्येत उतरली होती, पायरी चढताना भिंतीला हात लावत. एक दिवस बसले आणि एकदम म्हणाले, "कुंदा, तो अर्ज मी लिहिला होता."

मी म्हटलं, "मले माहीत आहे."

"कधीपासून?"

"रोमपासून."

सर हसले. हसता हसता रडू लागले. सत्तरीचा माणूस माझ्या अंगणवाडीच्या पायरीवर रडला, आणि लेकरं भोवती गोळा झाली. मग त्यांनी सांगितलं. त्यांची नात दिवाळीत आली होती, चार दिवस माझ्याकडे बसली आणि घरी जाऊन "काऊन" म्हणाली, तर पोरीनं-जावयानं नाक मुरडलं. गावातले दोघं जण त्यांच्याकडे गेले, म्हणाले, सर तुम्ही शिकलेले, तुम्ही लिहून द्या, आम्ही पोचवतो. सर म्हणाले, "आणि खरं सांगू? रिटायर झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं. तीस वर्षं शिकवलेला एक संदर्भ कामाला येतो, म्हणून मला बरं वाटलं. एवढ्यासाठी मी तुझं नुकसान केलं."

मग मन खायला लागलं म्हणून पायरीवर येऊ लागले. आधी वाटलं, आपलं बरोबर आहे हे पाहू. मग दिसलं की बरोबर नाही. अर्ज मागे घ्यायला ऑफिसातही जाऊन आले होते. तिथं सांगितलं, निनावी अर्ज मागे घेता येत नाही, कारण अर्जदारच नाही. सर म्हणाले, "मी म्हटलं, अर्जदार मी आहे. ते म्हणाले, तसं लिहून द्या, सही करा. आणि माझा हात उचलला गेला नाही कुंदा. गावात इज्जत जाईल म्हणून." असं त्यांनी स्वतः सांगितलं.

मग विचारलं, "माफ करशील?"

मंडळी, मी त्या वेळी हो म्हणायला पाहिजे होतं. कोणतीही चांगली बाई हो म्हणाली असती. पण माझ्या डोक्यात काय आलं असेल? मला वाटलं, आता तब्येत गेली, आता भीती वाटून राहिली, म्हणून मोकळं होऊन जायचं आहे यांना. स्वतःच्या मतलबाची माफी. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

सर म्हणाले, "सांग. घाई नाही."

त्यानंतर नऊ दिवस आले. रोज. पुन्हा एकदाही विचारलं नाही. मी चहा दिला की माझ्या तोंडाकडे पाहायचे, आणि मी डाळ निवडायची. माझा विचार तिसऱ्याच दिवशी झाला होता. सांगायचं होतं. पण वाटलं, पाहू तरी, किती दिवस वाट पाहतात. दहाव्या दिवशी दहा वाजले, सव्वादहा वाजले. मदतनीस बाई धावत आली. पायरी रिकामी, आणि माझं उत्तर माझ्याचपाशी.

त्या दिवशी अंत्ययात्रेहून मी घरी नाही गेली. अंगणवाडी उघडली. चार-पाच लेकरं होती, त्यांना कोण काय सांगणार? ती पायरीकडे पाहत होती. मी खाली बसली आणि म्हटलं, "काऊन रे पोट्टेहो, असे काऊन चूप बसून राहिले?" एवढंच. एक लहान पोरगी, जी मला वर्षभर 'हो बाई, नाही बाई' एवढंच म्हणायची, ती माझ्या मांडीत येऊन बसली आणि विचारलं, "सर कायले मेले जी?" मग जी सुरू झाली लेकरं, थांबतच नव्हती. आबा मेला तेव्हा काय झालं, बैल मेला तेव्हा काय झालं, सर मेले तर आता पेरू कोण आणते. मी ऐकत होती आणि रडत होती. जुनी पार्टी बरोबर की उजेडवाले बरोबर, ते प्राचार्य साहेब ठरवतील. मला त्या दिवशी एवढंच कळलं की तीन वर्षं मी माझ्या लेकरांचं काहीच ऐकलं नव्हतं.

सर, तुमचा फोटो बाजूलाच आहे, तर आता पाहते. माफ केलं जी. मनापासून केलं. बावीस दिवस उशीर झाला. तुम्ही जिवंत असताना हे दोन शब्द मला जड झाले, त्याची माफी आता मी कोणाला मागू?

आणि अर्ज पोचवणारे ते दोघं. सरांनी मला नावं सांगितली नाहीत, मी विचारली नाहीत. पण मी शंकेखोर बाई, मला ओळखू येतात. एक जण पहिल्या रांगेत आहे. मघा त्यानंच हार घातला. घाबरू नका, मी नाव घेणार नाही. रोज दहा वाजता अंगणवाडी उघडी असते. या. पायरीवर बसा, नाही तर आत या. या वेळी मी 'विचार करून सांगते' असं म्हणणार नाही. पण तुम्हीही उद्या-परवा करत बसू नका, एवढं हात जोडून सांगते.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं आपण सरांसाठी शांत राहू. इथं खूप लहान लेकरं आहेत, ती मध्येच काही बोलतील, काही विचारतील. त्यांना कोणी चूप म्हणू नका.